आधी हॉल ओळखा, मग तिकीट काढा

कुठला सिनेमा बघायचा हे ठरवताना लोक चार जणांना विचारतात, परीक्षणं वाचतात, ट्रेलर दोनदा बघतात. तो कुठल्या हॉलमध्ये आणि कुठल्या खुर्चीवर बसून बघायचा, हे मात्र बुकिंगच्या नकाशावर जी जागा मोकळी दिसेल त्यावर सोडून देतात. माझ्या मते हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. तोच सिनेमा एका हॉलमध्ये अंगावर येतो आणि त्याच इमारतीतल्या शेजारच्या हॉलमध्ये मळकट आणि पोकळ वाटतो. प्रेक्षक बाहेर पडताना म्हणतो, "सिनेमा ठीक होता." खरं तर सिनेमा त्याला पुरता भेटलेलाच नसतो.

मी बरीच वर्षं प्रोजेक्शन केबिनमध्ये काढली. रिळं होती तेव्हाही, आणि डिजिटल आल्यावरही. आता तिकीट काढून खाली प्रेक्षकांत बसतो. घराजवळच्या थिएटरात सिनेमा नीट बघायचा तर काय बघावं, कुठे बसावं आणि काही बिघडलं तर कुणाला काय सांगावं, ते इथे लिहितो आहे.

केबिनमध्ये आता कोणी नसतं

हे आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं यावर अवलंबून आहे.

रिळांच्या काळात २००० फुटांचं एक रीळ २० ते २२ मिनिटं चालायचं. सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी असत. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर चमकायचा. याचा अर्थ दुसऱ्या मशीनची मोटर चालू करा. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका यायचा, की आता बदला. प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना तो ठिपका दिसायचा, पण ऑपरेटरला तो चुकवून चालायचं नाही. त्यामुळे त्याची नजर सतत पडद्यावर असायची. आणि नजर पडद्यावर असली की फोकस सरकलाय, उजेड पिवळा पडलाय, फ्रेम वर चढलीय, हे सगळं त्याला प्रेक्षकाच्या आधी कळायचं. उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जाळणाऱ्या मशीनवर तर कांडी जळत जाईल तशी पुढे सरकवत राहावी लागायची. जागचं हलायची सोय नव्हती.

आता सिनेमा फाइल होऊन येतो, हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहामार्फत. फाइल कुलूपबंद असते. तिची डिजिटल किल्ली वेगळी येते आणि ती त्याच थिएटरच्या त्याच सर्व्हरवर, ठरलेल्या तारखा-वेळांपुरतीच चालते. (शो सुरू व्हायला अचानक उशीर झाला आणि कारण कोणी सांगेना, तर पुष्कळदा किल्ली वेळेवर आलेली नसते किंवा तिची मुदत संपलेली असते.) दिवसभराचे शो सर्व्हरमध्ये आधीच लावून ठेवलेले असतात. वेळ झाली की दिवे मंद होतात, लेन्स आपोआप सरकते, सिनेमा लागतो. एकच माणूस एका कॉम्प्युटरवरून सगळे पडदे सांभाळतो. फाइल चालू आहे की नाही एवढं त्या कॉम्प्युटरला कळतं. चित्र कसं दिसतंय, आवाज कसा येतोय, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

म्हणजे पूर्वी वरच्या काचेतून जी नजर पडद्यावर असायची, ती आता फक्त प्रेक्षकाकडे उरली आहे. प्रेक्षकाने सांगितलं नाही तर बिघाड आठवडाभर तसाच राहतो, आणि राहिलेला मी पाहिला आहे.

हॉल कसा ओळखायचा

आपण वरचेवर जातो त्या थिएटरात तीन-चार हॉल असतील तर ते सगळे एकदा नीट बघून घ्या. त्यासाठी वेगळी फेरी नको. नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं आधी आत जा, बस्स. दिवे लागलेले असताना हॉल जेवढं सांगतो तेवढं अंधारात सांगत नाही.

सगळ्यात आधी पडद्याचा आकार बघा. थिएटरातले बहुतेक सिनेमे दोन मापांत येतात. एकाला आम्ही 'फ्लॅट' म्हणतो, त्याची रुंदी उंचीच्या १.८५ पट. दुसरा 'स्कोप', त्याची रुंदी उंचीच्या २.३९ पट. हे रुंद चित्राचं प्रस्थ १९५३ मध्ये सिनेमास्कोप आल्यापासूनचं. आता पडदा एकच आणि मापं दोन, तेव्हा हॉल बांधणाऱ्याला एक निवड करावी लागते. काही हॉलमध्ये पडद्याची उंची कायम राहते आणि स्कोप लागला की दोन्ही बाजूंची काळी कापडं मागे सरकून पडदा रुंद होतो. अशा हॉलमध्ये स्कोप सिनेमा खरोखर मोठा दिसतो. काही हॉलमध्ये उलटं असतं. रुंदी कायम, आणि स्कोप लागला की चित्राची उंची कमी होते. तिथे जो सिनेमा सगळ्यात भव्य दिसायला हवा, तोच सगळ्यात लहान दिसतो. पहिल्या प्रकारचा हॉल जवळपास असेल तर त्याचा नंबर लक्षात ठेवा. भव्य सिनेमा तिथेच बघायचा.

त्या काळ्या कापडांना मास्किंग म्हणतात. चित्राची कड त्यांच्यावर बरोबर टेकली की चित्र उठून दिसतं. मास्किंग नसलं तर चित्राच्या वर-खाली पडद्याचे करडे पट्टे दिसत राहतात, कारण प्रोजेक्टरचा 'काळा' पूर्ण काळा नसतो. अनेक नव्या हॉलमध्ये खर्च वाचवायला मास्किंग काढूनच टाकलंय. मला याचं फार वाईट वाटतं. रात्रीच्या दृश्यात त्या करड्या पट्ट्यांकडे लक्ष गेलं की परत चित्रात शिरायला वेळ लागतो.

मग पडद्याजवळ जाऊन कापड बघा. त्याला बारीक बारीक भोकं असतात, कारण मुख्य स्पीकर पडद्यामागे असतात. डावा, मधला, उजवा. बोलणं जवळपास सगळं मधल्यातून येतं. बाजूच्या आणि मागच्या भिंतींवरचे छोटे स्पीकर सराउंडचे, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाचे. छतावरही स्पीकरच्या रांगा असतील तर तो हॉल बहुधा २०१२ मध्ये आलेल्या डॉल्बी ॲटमॉस या आवाजपद्धतीचा किंवा तशाच एखाद्या पद्धतीचा. कापड चंदेरी झाक मारत असेल तर तो थ्रीडीसाठी बसवलेला सिल्व्हर स्क्रीन. त्यावर साधा सिनेमा बघताना मध्यभाग उजळ आणि कडा अंधाऱ्या दिसतात, आणि बाजूच्या खुर्च्यांवरून तर फारच. अशा हॉलमध्ये मधली जागा मिळत नसेल तर मी दुसरा शो बघतो.

उजेडाचंही एक माप ठरलेलं आहे. साध्या सिनेमासाठी पडद्याच्या मध्यावर चौरस मीटरला ४८ कँडेला, जुन्या भाषेत १४ फूट-लॅम्बर्ट. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा नवा असताना हे जमतं. वापर वाढेल तसा तो मंदावत जातो, आणि तो महाग असल्यामुळे बदलणं पुढे ढकललं जातं. दिव्याऐवजी लेझर वापरणाऱ्या प्रोजेक्टरचा उजेड बराच जास्त काळ टिकतो. तेव्हा तिकीट खिडकीवर सरळ विचारा, "लेझर कुठल्या स्क्रीनला आहे?" खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर मॅनेजरला असतं. टू-के की फोर-के, म्हणजे चित्रात बारीक ठिपके किती, याची मात्र मी फारशी चिंता करत नाही. मधल्या रांगांच्या मागे बसलं की बहुतेकांना तो फरक दिसत नाही. उजेड आणि काळा रंग यांचा फरक सगळ्यांना दिसतो.

आयमॅक्सबद्दल एवढंच, की नाव एक असलं तरी पडदे सारखे नाहीत. काही पडदे १.४३ मापाचे, उंच आणि अवाढव्य. बहुतेक १.९०चे. जास्तीचं तिकीट काढण्याआधी आपला कुठला आहे ते विचारून घ्या.

दोन विती

माझी पुतणी सिनेमावेडी आहे. तिकीट काढताना तिचा फोन ठरलेला. "काका, कुठली रांग घेऊ?" मी तिला एकदा हॉलमध्येच उभं करून मोजायला शिकवलं, तेव्हापासून ती विचारत नाही, सांगते.

मोजायचं असं. हात समोर पूर्ण ताणा, पंजा फाकवा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत डोळ्यासमोर धरा. अशी ताणलेली वीत सुमारे २० अंशांचा कोन व्यापते, उंच माणसाची असो की बुटक्याची, कारण हात लांब तशी वीतही मोठी. आता पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती विती बसतात ते बघा. दोन विती बसल्या तर तुम्ही सुमारे ४० अंशांवर आहात. चित्र नजर भरून टाकेल आणि तरी मान फिरवावी लागणार नाही, अशी ती जागा. दीड वीत म्हणजे ३० अंश. त्याच्या मागे बसू नये असं मी म्हणेन. चांगल्या हॉलच्या शेवटच्या रांगेतूनही पडदा किमान ३० अंश भरावा, असा संकेतच आहे. अंतराच्या भाषेत सांगायचं तर पडद्याच्या रुंदीच्या सव्वा ते दीडपट मागे बसावं, आणि दुपटीच्या जवळ गेलात तर फार मागे गेलात.

पुढच्या रांगांसाठी मूठ वापरा. ताणलेल्या हाताची मूठ सुमारे १० अंश. नजरेच्या सरळ रेषेपासून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत साडेतीन मुठींपेक्षा जास्त बसत असतील तर त्या रांगेत मान दुखणार, दोन तासांनी नक्कीच. पुढची रांग आवडणारे लोक असतात. त्यांनीही या मुठी मोजूनच बसावं.

रुंदी कायम असलेल्या हॉलमध्ये स्कोप सिनेमा असेल तर एक-दोन रांगा पुढे सरका. चित्राची गेलेली उंची तुम्ही अंतराने भरून काढता. उंची कायम असलेल्या हॉलमध्ये दोन विती मोजायच्या त्या स्कोपच्या पूर्ण रुंदीवर. तिथे फ्लॅट सिनेमालाही तीच रांग चालते.

झाला चित्राचा हिशेब. आवाजाचा थोडा वेगळा असतो. हॉलचा आवाज जुळवताना माइक पडद्यापासून हॉलच्या लांबीच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, मध्यरेषेच्या किंचित बाजूला ठेवतात. पडद्यामागच्या एकेका स्पीकरमधून सलग सळसळता आवाज सोडतात आणि तो तिथे ८५ डेसिबल भरेपर्यंत पातळी जुळवतात. म्हणजे आवाज ज्या खुर्चीसाठी जुळवला, ती खुर्ची तिथे आहे. नव्या, चढत्या रांगांच्या हॉलमध्ये दोन विती आणि दोन-तृतीयांश बहुतेकदा जवळजवळ येतात. जुन्या लांबलचक हॉलमध्ये येत नाहीत. तिथे निवडावं लागतं. सिनेमा संवादांचा असेल तर मी आवाजाच्या बाजूने जातो, निसर्ग किंवा लढाया असतील तर चित्राच्या.

आणखी चार गोष्टी नकाशावर दिसत नाहीत. मागच्या भिंतीला टेकलेल्या रांगेत खर्ज साचतो आणि मागचा स्पीकर कानात ओरडतो. कडेच्या खुर्च्यांवर एकाच बाजूचा सराउंड ऐकू येतो आणि समोरचं बोलणं त्याखाली दबतं. बाल्कनीच्या खाली खोलवर बसलात तर वरून येणारा आवाज अडतो आणि सगळं जाड, बोथट लागतं. उलट बाल्कनीची पहिली रांग ही जुन्या थिएटरातली उत्तम जागा. नजर पडद्याच्या मध्यावर आणि समोर कोणाचं डोकं नाही. फक्त कठड्याची दांडी चित्रात येत नाही ना, ते बसून बघा. कधी कधी येते.

लांब हॉलची एक गंमत सांगतो. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात १४ मीटर. पडद्यापासून २८ मीटर मागे बसलेल्या माणसाला ओठ हलल्यावर दोन फ्रेमनी शब्द पोचतो. मेंदू एवढं सांभाळून घेतो. पण सिंक, म्हणजे ओठ आणि शब्द यांचा मेळ, मुळातच थोडा बिघडला असेल तर मागच्या रांगेला तो आधी खटकतो.

कधी जावं

सिनेमा लागला की पहिला आठवडा त्याला मोठा हॉल मिळतो. दुसरा मोठा सिनेमा आला की पहिला लहान हॉलमध्ये जातो. मोठ्या पडद्याची हौस असेल तर "गर्दी ओसरल्यावर बघू" म्हणू नका, तोवर पडदाच बदललेला असतो. तिकीट काढताना सिनेमाच्या वेळेबरोबर स्क्रीनचा नंबरही बघा. एकाच दिवशी एकच सिनेमा दोन वेगळ्या हॉलमध्ये असतो आणि तिकीट सारखंच असतं.

विनोदी सिनेमा आणि भयपट भरल्या हॉलमध्ये बघावेत. तिथे शेजाऱ्याचं हसणं आणि दचकणं सिनेमाचाच भाग असतं. शांत सिनेमाला कामाच्या दिवसाचा सकाळचा किंवा दुपारचा शो. फक्त बाहेर लख्ख ऊन असेल तर आत थोडं आधी जाऊन बसा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. उन्हातून थेट पहिल्या दृश्यात शिरलात तर रात्रीचं पहिलं दृश्य तुम्हाला दिसणारच नाही.

पहिली दहा मिनिटं

जाहिराती आणि ट्रेलर चालू असतात तेव्हा लोक फोन बघतात. मी तेव्हा हॉल तपासतो.

अक्षरं बघा. ट्रेलरच्या शेवटी येणारी बारीक अक्षरं मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत सारखी रेखीव हवीत. मध्ये स्पष्ट आणि कोपऱ्यात पसरट असतील तर फोकस बिघडलाय. माणसांचे चेहरे बघा. हिरवट किंवा जांभळट झाक सलग दिसत राहिली तर प्रोजेक्टरच्या रंगांचं गणित चुकलंय. बोलणं पडद्याच्या मधून येतंय का ऐका. माणूस बोलतोय आणि संगीत मोठं पण शब्द लांबून येतात असं वाटलं, तर मधला स्पीकर बंद पडलेला असण्याची शक्यता मोठी.

मग ट्रेलर संपून सिनेमा सुरू होतो, तो क्षण चुकवू नका. ट्रेलर बहुतेक फ्लॅट मापात लावलेले असतात. पुढचा सिनेमा स्कोप असेल तर याच वेळी लेन्स बदलते आणि मास्किंग सरकतं. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. एका थिएटरात मी फ्लॅट सिनेमा स्कोपच्या सेटिंगवर लागलेला पाहिला. चित्र नको तेवढं मोठं झालेलं. पात्रांच्या कपाळाच्या वरचा भाग वरच्या काळ्या कापडात गेलेला आणि सबटायटलची खालची ओळ पडद्याखालच्या कापडावर पडलेली, कापडाच्या घड्यांवर अक्षरं वाकडी होऊन. हॉल अर्धा भरलेला होता आणि कोणी उठत नव्हतं. सगळ्यांना वाटलं असावं, सिनेमाच असा काढलाय. मी बाहेर जाऊन सांगितलं आणि परत येऊन बसेपर्यंत वरून मोटरचा बारीक आवाज आला, चित्र चारही बाजूंनी आक्रसलं आणि कडांवर नेमकं बसलं. मिनिटभराचं काम होतं.

सिनेमा सुरू झाल्यावरही हॉलचे दिवे अर्धवट चालू राहिले असतील, तर तोही बिघाडच समजा. पायऱ्यांचे आणि बाहेरच्या वाटेचे दिवे चालूच राहतात, ते राहायलाच हवेत. पण भिंतीवरच्या दिव्याचा उजेड पडद्यावर पोचला की चित्रातला काळा रंग गेलाच.

सांगायचं कसं

लवकर सांगा. पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं तर दुरुस्ती होते, नाही झाली तर दुसऱ्या शोचं तिकीट मागता येतं. सिनेमा संपल्यावर सांगितलेल्याचा उपयोग पुढच्या प्रेक्षकाला होतो. तेही चांगलंच आहे, पण तुमचा सिनेमा गेलेला असतो.

अंधारात ओरडू नका, वर काचेकडे हात करू नका. तिथे कोणी नाही. दारावरच्या माणसाकडे जा आणि त्याच्या हातात वापरता येईल असं वाक्य द्या. "पिक्चर नीट दिसत नाही" यावर तो काय करणार? त्याऐवजी "स्क्रीन चार, चित्र वरून-खालून कापलं जातंय, लेन्स स्कोपवर राहिलीय." "स्क्रीन दोन, मधल्या स्पीकरमधून बोलणं येत नाही, बाजूचे चालू आहेत." "स्क्रीन एक, उजवीकडचा वरचा कोपरा फोकसमध्ये नाही." स्क्रीनचा नंबर आधी, मग काय आणि कुठे. हे वाक्य तो फोनवर जसंच्या तसं पुढे सांगू शकतो. त्या माणसावर चिडू नका. त्याने काही केलेलं नाही, आणि पुढच्या वेळी तुम्हाला तोच लागणार आहे.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. आवाजाच्या यंत्रावर एक आकडा असतो. बहुतेक यंत्रांवर ७ म्हणजे ज्या पातळीवर सिनेमाच्या आवाजाचं मिश्रण केलं ती पातळी. प्रत्यक्षात पुष्कळ थिएटर ५ किंवा त्याहूनही खाली चालवतात. का? जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, लोक कानांवर हात ठेवतात, कोणीतरी तक्रार करतं, मॅनेजर आकडा खाली आणतो, आणि सिनेमा सुरू झाल्यावर तो परत वर न्यायचा राहून जातो. मग कुजबुज ऐकूच येत नाही आणि लोक म्हणतात, सिनेमाचा आवाज खराब आहे. अशा वेळी बाहेर जाऊन "आवाज अर्ध्या आकड्याने वाढवा" असं म्हणा. अर्धा आकडा मागितला की देतात. "खूप कमी आहे" म्हटलं की वाद होतो.

उलटही होतं. लहान मूल बरोबर असेल तर कान झाकणारे हेडफोन जवळ ठेवा आणि स्पीकरला चिकटलेल्या खुर्च्या टाळा. सातच्या पातळीवर पडद्यामागचा एकेक स्पीकर क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. मोठ्यांना तो थरार वाटतो, लहानग्याला भीती.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी काही थिएटरांत हेडफोन किंवा श्रवणयंत्राला जोडणारी सोय असते, दृष्टी नसणाऱ्यांसाठी वर्णनाचा वेगळा आवाजपट्टा असतो. हे खिडकीवर मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आणि मागताना ते उपकरण चालू करून, चार्ज आहे ना ते तिथेच बघून घ्या. चाकाच्या खुर्चीची जागा काही हॉलमध्ये अगदी पुढे किंवा कडेला काढलेली असते. एकाच थिएटरच्या दोन हॉलमध्ये यात मोठा फरक असतो, म्हणून हॉलचा नंबर विचारूनच तिकीट काढा.

थ्रीडीचं एका वाक्यात. चष्म्यातून पडद्याचा बराचसा उजेड वाटेतच गळतो, त्यामुळे जुना दिवा असलेल्या हॉलमध्ये थ्रीडी बघू नका, लेझरच्या हॉलमध्ये बघा, डोकं तिरकं न करता मध्यभागी बसून.

फोनबद्दलही सांगायला हवं. पडद्याचा पांढरा रंग ४८ कँडेला, आणि पूर्ण उजेडावर लावलेला फोन ५०० च्या वर. तुमच्या मागे बसलेल्या माणसासाठी तुमच्या हातात पडद्यापेक्षा दहापट उजळ असा दुसरा पडदा असतो. वेळ बघायची तरी बाहेर जा.

वही

आपल्या भागातल्या हॉलची एक छोटी वही ठेवा, फोनमध्ये ठेवली तरी चालेल. माझ्या वहीतल्या नोंदी अशा असतात: "स्क्रीन १: उंची कायम, मास्किंग चालतं. एच रांग, दोन विती. लेझर." "स्क्रीन २: सिल्व्हर, कडा काळ्या, फक्त मधल्या सहा खुर्च्या. आवाज ५ वर, सांगितलं की वाढवतात." "स्क्रीन ३: मास्किंग नाही, दिवा म्हातारा, संवादांचे सिनेमे चालतील. मागची उजवीकडची दारं उघडली की उजेड पडद्यावर." नोंदीला तारीख घाला. दिवा बदलला, स्पीकर दुरुस्त झाला, पडदा नवा बसवला की हॉल बदलतो, आणि मागच्या वर्षीचा वाईट हॉल यंदा चांगला निघू शकतो. माझ्या वहीत स्क्रीन ३ वर दोनदा काट मारलेली आहे आणि दिवा बदलल्यावर ती पुसलेलीही आहे. सहा महिन्यांनी प्रत्येक हॉलमध्ये एकदा तरी पुन्हा जाऊन विती मोजा, कोपरे बघा, आणि नोंद नवी करा.